घर आणि सोबती : मुधोळचा की रामपूरचा?

फ्रीगंजातील एका वाचक-कुटुंबाने आम्हांस पाठविलेले पत्र चार पानी आहे. पहिल्या दोन पानांवर वडिलांचे अक्षर आहे, पुढील दोन पानांवर चिरंजीवांचे. घरात कुत्रा आणावयाचा, तो देशी असावा, अंगाने सडपातळ आणि धावण्यात तरबेज असावा, येथपर्यंत पितापुत्रांचे एकमत आहे. मतभेद पुढे सुरू होतो. वडिलांचे पणजोबा जमखंडीकडून शिंदेशाहीत चाकरीस आले. त्यांच्या मूळ घरी मुधोळचे कुत्रे असत अशी कुळकथा आहे; म्हणून वडिलांचा कौल मुधोळला. चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहेत. त्यांनी रामपुरी कुत्र्यांची एक चित्रफीत पाहिली आणि तेव्हापासून ते दुसरे नाव घेत नाहीत. आईंनी पत्राच्या समासात एकच ओळ लिहिली आहे : "फिरवायचे कोणी, ते आधी ठरवा." पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आम्हांस तेच वाटते. तरीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे, आणि ते देता देता आईंच्या ओळीकडे आपोआप यावे लागेल.

उज्जैनकरांस कुत्र्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. भैरवगडच्या काळभैरवाचे ते वाहन. भैरवाष्टमीस या नगरीत कुत्र्यांचे जे कौतुक होते ते आपण सारे पाहतोच. (आमच्या घरच्या मराठी पंचांगात ती कार्तिक वद्य अष्टमी असते आणि शेजारच्या पंडितजींच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी, दिवस मात्र एकच.) आपल्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तप्रभूंच्या पायांशी चार आहेत. पण देवाजवळच्या कुत्र्याला कोणी रोज पहाटे साडेपाचला फिरवून आणावे लागत नाही. घरच्याला लागते, आणि तेही बारा-तेरा वर्षे.

मुधोळ हे आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. विलीनीकरणापूर्वी ते घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुलखातील बेरड शिकाऱ्यांजवळचे हे उंच, निमुळत्या तोंडाचे कुत्रे पाहिले, त्यांची निगुतीने जोपासना केली आणि एक जोडी विलायतेस पंचम जॉर्ज बादशहास नजर केली. 'मुधोळ हाउंड' हे नाव त्या भेटीतून रूढ झाले असे सांगतात. आपल्या सोलापूर, सांगली, लातूर भागांतील शेतकरी मात्र या कुत्र्यास अजूनही 'कारवान' म्हणतो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेला, अशी त्या नावामागची समजूत आहे. ज्याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी केसांची झालर असते तो 'पश्मी'. लातूरकडे त्याचा विशेष शौक. श्वानप्रेमींच्या दोन अखिल भारतीय संस्थांपैकी एकीच्या कागदावर 'कारवान' लिहितात व दुसरीच्या कागदावर 'मुधोळ'. विकणाऱ्याने दोन नावांचे दोन भाव सांगितले तर गोंधळून जाऊ नये.

रामपूर म्हटले की आमच्या पिढीला आधी सहसवान घराण्याचे गाणे आठवते आणि मग चाकू. कुत्रा तिसऱ्या क्रमांकावर येतो, हे त्याचे दुर्दैव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथले नवाब अहमद अली खान यांनी हे वाण सिद्ध केले असे मानतात. रोहिल्यांबरोबर अफगाण मुलखातून आलेला ताजी कुत्रा अंगाने चिवट आणि स्वभावाने तिखट होता. इंग्रजांचा ग्रेहाउंड वेगवान पण सौम्य होता. दोहोंच्या संकरातून नवाबांना वेग आणि चिवटपणा एकाच देहात हवा होता. कोल्ह्याच्या शिकारीसाठी हा कुत्रा वाखाणला जाई. रंगांत उंदरासारखा करडा रंग विशेष मानाचा. कातडी पातळ, केस अतिशय आखूड, छाती खोल, जबडा मुधोळच्या कुत्र्यापेक्षा भक्कम. वजनातही तो बहुधा दोन-चार किलोंनी जड भरतो.

९ जानेवारी २००५ रोजी आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली. त्यांत हिमालयातील मेंढपाळ कुत्रा, राजापालयम, रामपूर आणि मुधोळ होते. म्हणजे आमच्या पत्रलेखकांचा वाद टपाल खात्याने आधीच बरोबरीत सोडविलेला आहे! उपयोगाच्या दृष्टीनेही आता दोघांना बरोबरीचा मान मिळू लागला आहे. मुधोळचे कुत्रे २०१६ साली लष्कराने मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी नेले. सीमा सुरक्षा दलाच्या टेकनपूर येथील केंद्रात, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या अगदी जवळ, दोन्ही जातींचे कुत्रे तयार होतात. तेथलीच 'रिया' नावाची मुधोळ जातीची कुत्री २०२४ साली लखनौस भरलेल्या अखिल भारतीय पोलीस मेळाव्यात माग काढण्याच्या परीक्षेत पहिली आली आणि साऱ्या मेळाव्यातील सर्वोत्तम श्वान ठरली. विलायती जातींच्या शंभरावर कुत्र्यांत तिने हा मान मिळविला, याचा आम्हांसही अभिमान वाटतो.

पण चिरंजीवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या चित्रफितीतील कुत्र्याच्या शेजारी जो जवान उभा आहे, त्याचे दिवसभराचे काम तो कुत्रा हेच आहे. सकाळचा व्यायाम, दुपारची उजळणी, खरारा, आहार, सर्व त्याच्या हातून होते. घरात असा जवान कोण होणार? कॉलेजला जाणारा मुलगा, दहावीतली मुलगी, पुढील वर्षी निवृत्त होणारे वडील, स्वयंपाकघर आणि शिकवण्या सांभाळणारी आई, की ऐंशीच्या घरातल्या आजी?

येथे दोन्ही जातींना लागू असलेला एक मुद्दा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. हे कुत्रे वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारे. लांबट डोके आणि बाजूस सरकलेले डोळे यांमुळे त्यांना पुष्कळ विस्तृत टापू एका वेळी दिसतो. पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. भरधाव धावताना एकाच झेपेच्या चक्रात चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटलेले असतात. हृदय शरीराच्या मानाने मोठे, चरबी जवळजवळ नाहीच. हे सारे यंत्र अल्प अंतर अतिवेगाने कापण्यासाठी बनलेले आहे. म्हणूनच असा कुत्रा दिवसभर घरात धुडगूस घालील ही भीती निराधार ठरते. सकाळ-संध्याकाळ त्याला मोकळे धावू दिले, तर उरलेला दिवस तो अंथरुणाच्या घडीसारखा कोपऱ्यात पडून राहतो. तुलनेने लॅब्राडॉर अधिक वस्तू कुरतडतो. न धावलेला मुधोळ किंवा रामपुरी मात्र घराचे दार, गादी आणि माणसांची मनःशांती यांपैकी काहीही शिल्लक ठेवीत नाही.

मग धावावयाचे कोठे? खरी अडचण ही आहे. पळणारी वस्तू दिसताक्षणी या कुत्र्याचे कान बंद होतात. मालक कितीही हाका मारो, मांजर गल्लीच्या टोकास पोहोचेपर्यंत त्याला दुसरे काही ऐकू येत नाही, आणि त्या गल्लीच्या टोकाला आता रिक्षा, मोटारी आणि महाकाल दर्शनास निघालेल्या यात्रेकरूंच्या बसगाड्या असतात. यास्तव रस्त्यावर साखळी कधीही सोडू नये. त्यांची मान डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळे साधा पट्टा मागे रेटा देताच कानांवरून निघून हातात राहतो. ओढ लागताच आपोआप आवळणारा रुंद पट्टा या जातींसाठी वेगळा मिळतो, तोच घ्यावा. मोकळे सोडावयाचे ते चारी बाजूंनी भिंत असलेल्या जागेतच. भिंत माणसाच्या डोक्याएवढी तरी असावी, चार फुटांची भिंत हे कुत्रे हसत ओलांडतात. कोठी रस्त्यावरचा पहाटेचा फेरफटका चालण्यासाठी उत्तम आहे, पण तेवढ्याने त्यांची धावण्याची भूक भागत नाही. पत्रलेखकांच्या नातलगांचे कुंपण घातलेले शेत शहराजवळच आहे असे पत्रात लिहिले आहे. आमच्या दृष्टीने ही त्यांच्या बाजूची सर्वांत मोठी जमेची गोष्ट. आठवड्यातून तीन वेळा तरी तेथे जाणे जमले पाहिजे.

शेतावरून आठवले. उज्जैन-शाजापूरच्या शिवारांत काळविटांचे कळप आहेत, नीलगाई आहेत, ज्यांना येथे रोजडे म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जमाना संपविला, आणि तो संपला हे योग्यच झाले. पण कायदा कुत्र्याच्या रक्तापर्यंत पोहोचत नाही. कुंपणाबाहेर सुटलेल्या कुत्र्याने पाडस धरले तर जबाब कुत्र्यास नव्हे, मालकास द्यावा लागेल. कुळकथेतील पणजोबांना हा प्रश्न नव्हता. त्यांच्या काळी या कुत्र्यांजवळ काम होते. आज काम गेले आणि देह तोच राहिला आहे. या जाती पाळणाऱ्याने त्या रिकाम्या झालेल्या कामाची जागा रोज आपल्या वेळेने भरून काढावयाची असते.

आता दोहोंतील फरकाकडे येऊ. तोही आमच्या मते रंगारूपाचा नसून स्वभावाचा व हवेचा आहे.

मुधोळचा कुत्रा मानी असतो. परक्याने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. तो चावा घेईलच असे नाही, पण अंग चोरून बाजूस होतो. आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारून स्वागत करणे त्याच्या संस्कारात नाही. पण घरातील पाच माणसांस तो आपली पाच माणसे मानतो. दख्खनच्या वाडीवस्तीवर तो राहत आला तो घराच्या ओसरीवर, मुलाबाळांत आणि गुराढोरांत. रात्री राखण, दिवसा सशामागे धाव, आणि संध्याकाळी ज्वारीची किंवा मक्याची भाकरी दुधात कुस्करून. या राहणीचा ठसा त्याच्या स्वभावावर आहे. प्रेमाने व सातत्याने सांगितले तर तो शिकतो. एकदा हात उगारला तर मात्र महिनाभर जवळ येत नाही.

रामपुरी कुत्र्याची निष्ठा बहुधा एकाच माणसावर एकवटते. त्याच्या थोरवीच्या साऱ्या कथा या एकनिष्ठेच्या आहेत, आणि त्या कथा ऐकावयास फार गोड वाटतात. घरातील इतरांना तो सहन करतो, पण हुकूम एकाचाच. दरबारी शिकारखान्यात प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस होता, तेथे हा गुणच ठरला. मध्यमवर्गीय घरात त्याची दुसरी बाजू दिसते.

चिरंजीवांस आम्ही स्पष्टच विचारतो. आपण पदवी घेऊन नोकरीस कोठे जाणार? आपल्या समाजातील कोणत्याही घरात डोकावले तर उत्तर ठरलेले आहे : इंदूर जवळचे म्हणून बरे, नाही तर पुणे, बंगळूर, आणि नशीब फळफळले तर समुद्रापार. ज्या उज्जैनच्या वाड्यांत एके काळी पंचवीस पानांची पंगत बसे, तेथे आज दोघे वृद्ध आणि एक दूरध्वनी, अशी स्थिती आम्ही पदोपदी पाहतो. यात कोणाचा दोष नाही. पण आपण आणलेला रामपुरी आपल्यावर जीव लावील आणि दीड वर्षाने आपण सामान बांधाल. तेव्हा तीस किलोंच्या आसपास वजनाचा, ऐन जवानीतला, दाराकडे डोळे लावून बसलेला आणि वडिलांचा हुकूम न मानणारा कुत्रा घरात राहील. अन्न सोडलेले, आवाज बसेपर्यंत भुंकणारे असे कुत्रे आम्हांस ठाऊक आहेत. त्यांतील एकाला शेवटी दूरच्या शेतावर बांधून ठेवण्यात आले. साखळीच्या कक्षेतली माती त्याने चक्राकार खणून काढली होती. ते दृश्य आमच्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून इतके कठोर लिहीत आहोत.

हवेचाही विचार आहे. मालव्याच्या रात्री प्रसिद्ध आहेत. सुबह-ए-बनारस आणि शाम-ए-अवध यांच्या जोडीने शब-ए-मालवाचे नाव घेतले जाते. पण हीच गोड रात्र पौषात बोचरी होते, आणि ज्याच्या अंगावर नावालाच केस आहेत अशा रामपुरीला ती सोसत नाही. त्याला गादी, झूल आणि घरातील कोपरा लागतो. व्हरांड्यात बांधून ठेवणे म्हणजे छळच. मुधोळही थंडीचा कुत्रा नव्हे, पण त्याचे केस थोडे दाट असतात आणि दख्खनच्या पठारावरच्या ऊन-गारव्याची त्यास सवय आहे. आपले मालव्याचे पठार त्याला फारसे परके वाटू नये. वैशाखात मात्र दोघांनाही सूर्योदयापूर्वीच धावू द्यावे. डांबरी रस्ता तापला की नाही हे आपला तळहात त्यावर ठेवून पाहावे. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पावलांनाही बसतो.

आजींचा प्रश्न पत्रात कोणी विचारलेला नाही, म्हणून आम्ही विचारतो. काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीस हा कुत्रा द्वेषाने नव्हे तर वेगाने पाडू शकतो. अंगणात तो सुटला असताना आजींनी ओसरीवर बसावे, आणि त्याला दारातून आत-बाहेर करताना आधी बसावयास लावण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावावी. मादी नरापेक्षा अंगाने लहान व हाताळावयास सोपी असते, म्हणून आमची शिफारस मादीची. पुढे शस्त्रक्रिया करून घेतली की पिलांचा प्रश्नही राहत नाही. त्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना हा धावणाऱ्या जातीचा कुत्रा आहे हे आवर्जून सांगावे. ग्रेहाउंडच्या अभ्यासातून असे दिसले आहे की भुलीची काही जुनी औषधे या बांध्याच्या कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. रक्ततपासणीतील आकडेही इतर कुत्र्यांपेक्षा वेगळे येऊ शकतात व रोग नसता रोगाची शंका घेतली जाते. गुंतागुंतीच्या वेळी महूचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही.

आहाराविषयी थोडक्यात. घर शाकाहारी आहे म्हणून संकोच बाळगण्याचे कारण नाही. लांडग्यापेक्षा कुत्र्यास पिष्ट अन्न पुष्कळ चांगले पचते हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले आहे, आणि दख्खनच्या शेतकऱ्याला ते त्याआधीच ठाऊक होते. भाकरी, वरण, दही, भाजलेला भोपळा आणि चालत असेल तर रोज एक अंडे, शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक आहार द्यावा. मात्र आपल्या सकाळच्या पोह्यांतील कांदा त्याच्या रक्तास घातक आहे, शिऱ्यातील बेदाणा मूत्रपिंडास. रविवारच्या दाल-बाफल्यांतला तुपात बुडालेला बाफला प्रेमाने पुढे करणारा पाहुणा प्रत्येक घरी असतोच. त्याला हात जोडून थांबवावे. छाती खोल असल्याने जेवणानंतर लगेच धावू देणे धोक्याचे; पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसत राहणे हे या जातींत आरोग्याचे लक्षण आहे. "काय हो, उपाशी ठेवता की काय?" असे शेजारी वर्षभर विचारतील, त्यांना विचारू द्यावे.

तेव्हा आमचा कौल मुधोळला, वडिलांच्या बाजूने. पण कुळकथेसाठी नव्हे. जो कुत्रा घरातील सर्वांचा होऊ शकतो तोच, ज्याने आणला तो निघून गेल्यावरही, त्या घरात सुखाने राहू शकतो. या कौलास एक अट जोडतो, आणि ती आईंच्या समासातील ओळीची आहे. चिरंजीवांनी नव्हे, वडिलांनी आजपासून तीन महिने रोज पहाटे एक तास आणि सायंकाळी एक तास, हातात साखळी नसताना, कुत्रा असल्यासारखे फिरून दाखवावे. दिवाळीत, लग्नघरात, पायात लचक असतानाही. तीन महिन्यांत पंधरा दिवसांहून अधिक खाडे झाले तर दोन्ही नावे सोडून द्यावीत. आपल्या गल्लीतील एखादे देशी पिल्लू, लस टोचून, मायेने घरात घ्यावे. ते कमी धावण्यावर समाधान मानते आणि मालव्याच्या हवेत त्याचे काही अडत नाही. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काय आहे, हे आम्हांस कधीच कळलेले नाही.

परीक्षेत वडील उत्तीर्ण झाले तर पिल्लू कोठून घ्यावे, हे उरते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तेथे चौकशी करून नाव नोंदवावे आणि प्रतीक्षेची तयारी ठेवावी. कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोने मुधोळला देशी जात म्हणून नोंदले आहे, त्यामुळे जातीची लक्षणे ताडून पाहण्यासही आधार आहे. खाजगी पाळणाऱ्याकडून घ्यावयाचे तर पिलाची आई प्रत्यक्ष पाहावी, तिच्या जवळ जाऊन ती माणसांशी कशी वागते ते पाहावे, आणि आई दाखविण्यास कोणी का-कू केली तर परत फिरावे. शुद्ध रामपुरी तर आता रामपुरातही सहजी मिळत नाही. त्या नावाने विकली जाणारी पुष्कळ पिले ग्रेहाउंडच्या संकराची असतात. रामपुरी न घेण्याचे हेही एक कारण आहे, जरी चिरंजीवांस ते सर्वांत कमी पटेल.

आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे लसी सुरू होतात, अलर्काची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे वेळच्या वेळी. महापालिकेच्या नोंदणीची चौकशी तेव्हाच करून टाकावी. वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत हाडे कोवळी असतात, म्हणून सायकलीमागे किंवा स्कूटरमागे धाववू नये. हा प्रकार आम्ही नदीकाठच्या रस्त्यावर वारंवार पाहतो आणि दर वेळी संताप येतो. लहानपणीच त्याला घंटा, लाऊडस्पीकर, ढोल आणि गर्दी यांची सवय थोडी थोडी, लांबून जवळ अशी लावावी. २०२८ चा सिंहस्थ येईल तेव्हा हे कुत्रे ऐन तारुण्यात असेल, आणि उज्जैनच्या मराठी घरांत त्या दिवसांत किती पाहुणे उतरतात हे आम्ही सांगावयास नको. तेवढ्या काळापुरती त्याची आतली खोली कोणती, याचा विचार आताच करून ठेवावा.

पिल्लू घरी आणण्यास दिवाळीचे आणि पौषाच्या थंडीचे दिवस टाळावेत. रंगपंचमीची गेर, पाण्याचे फवारे आणि रंग लागलेली पोरे एकदाची ओसरली की मग आणावे. पुढे मुलांना सुटी लागते, पहाट लवकर उजाडते, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत त्याला दाराबाहेर जाण्याची वेळ कळू लागलेली असते.